खळ्यातली तपासणी

"पदर काढ गो."

खोताने छत्रीचं टोक आईच्या खांद्याला लावलं आणि पदर उचलला. हाताने नाही. हात लावला असता तर त्याला आंघोळ करावी लागली असती.

मी अकरा वर्षांची होते. राज्य अजून मुंबई राज्य होतं. मालवणहून एक सरकारी डॉक्टर रगतपितीची तपासणी करायला आमच्या गावात आला होता. कुष्ठरोग हा शब्द तेव्हा माझ्या कानावर आला नव्हता. घरात आम्ही रगतपिती म्हणायचो, शाळेच्या पुस्तकात महारोग लिहिलेलं असायचं. डॉक्टर येणार म्हणून गावाने आरोग्य समिती केली होती. खोत, देवळाचा एक मानकरी आणि हेडमास्तर. महारवाडीतलं, म्हणजे आमच्यातलं, कुणी नाही. मासेमारी करणाऱ्या गाबितांतलंही कुणी नाही. तपासणी खोताच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात करायची, असं समितीने ठरवलं.

समिती वर पडवीत खुर्च्यांवर. आम्ही खाली अंगणात, उन्हात, रांगेत. पुरुषांनी सदरे काढायचे, बायकांनी पाठ उघडी करायची. मधे एक चादरसुद्धा बांधलेली नव्हती. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. कोंबडीचं पीस अंगावरून फिरवायचा, मग हलकेच टाचणी लावायचा. डोळे मिटायचे आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायचं.

आईने डोळे मिटले. तिच्या उजव्या खांद्याखाली विड्याच्या पानाएवढा फिकट चट्टा होता. पीस त्याच्यावर फिरत होतं. टाचणी लागली. आईचं बोट हललंच नाही.

"गावलो एक," खोत वरून म्हणाला. मग हेडमास्तरांकडे वळला. "महारोग. नावातच आसा मां, कोणाक होतलो तो."

पडवीतले हसले. हेडमास्तरही हसले. महा म्हणजे मोठा, हे त्यांनीच मला फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

खोताच्या घरातलं कुणी तपासलं गेलं नाही. डॉक्टरने विचारलं होतं. "आमच्या घरात तसलं काही नसतं, डॉक्टर," खोत म्हणाला. शुद्ध मराठीत. डॉक्टरने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी आईचं खोताकडचं भात उकडण्याचं काम गेलं. मी शाळेत आधी कोपऱ्यात बसायचे, आता दाराबाहेर बसू लागले.

गोळ्या नेमाने घेतल्या तर रोग इथेच थांबेल, बोटं वाचतील, घरात दुसऱ्यांना होण्याची भीती कमी होईल, असं डॉक्टरने सांगितलं होतं. आईने ते नीट ऐकलं होतं. पण गोळ्या मिळायच्या दर मंगळवारी, खोताच्या पडवीतून, मोठ्याने नाव पुकारून. आई दोनदा गेली. दुसऱ्या वेळी गड्याने पुडी वरून खळ्यात टाकली. आईने ती उचलली. ती अजून वळलीही नव्हती, तेवढ्यात त्या जागेवर शेणपाणी पडलं.

"माका नको ती गोळी," घरी येऊन ती म्हणाली. "बोटां गेली तर गेली."

बोटं गेली. आधी करंगळी वाकली, मग तिच्या शेजारचं बोट. आई चुलीतलं लाकूड सारायची आणि हात भाजलेला तिला कळायचा नाही. वास मला यायचा. मग मी धावायचे. गाव म्हणायचं, देवाचा कोप. कसला देव. औषध गावातच होतं, हाकेच्या अंतरावर. ते घ्यायला तिला माणूसपण टाकून जावं लागत होतं. तिने औषध टाकलं.

मी सातवीची परीक्षा दिली ती रागावर. निकाल लागला, त्याच्या पुढच्या शिमग्यात आई गेली.

महाराष्ट्र झाला आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी मला सरकारी दवाखान्यात मदतनीस म्हणून नोकरी लागली. पीस आणि टाचणी आता माझ्या हातात आली. पुढे पुण्याकडचे एक तरुण डॉक्टर बदलून आले. त्यांनी आमच्याच गावाची तपासणी पुन्हा काढली. "गाव बरोबर आल्याशिवाय हा रोग हटणार नाही, बाई," ते मला म्हणाले. मला पटलं. मग गाव म्हणून त्यांनी कुणाला बोलावलं? त्याच समितीला. खोती कायद्याने गेली होती, खुर्ची गेली नव्हती. आमच्या वाडीचं नाव कागदावर बौद्धवाडी झालं होतं, पडवीत जुनंच चालू होतं.

बैठकीला डॉक्टर खोताच्या पडवीत वर बसले. मी खाली उभी.

"ही तुमची बाई आमचीच आहे," खोत त्यांना म्हणाला. "बायकांना ही गोळा करील. माझं खळं आहेच."

आमचीच. आमची म्हणजे कोणाची?

मी पायरी चढले. त्या पडवीत आमच्यातलं कुणी तोवर चढलं नव्हतं.

"मी एकाय बाईक हय बोलवचंय नाय," मी खोताला म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले. "तपासणी बंद खोलीत करा. बाईला बाईने तपासायचं. गोळी घरी पोचली पाहिजे. समितीत आमची माणसं बसतील, गाबितांचीही बसतील. आणि पहिली तपासणी समितीच्या घरांची."

"खाली उतर," खोत म्हणाला. "यांच्यातला रोग आता आमच्या घरात शोधायचा काय, डॉक्टर?"

"माझ्या आवशीची बोटां ह्याच खळ्यान खाल्ली," मी म्हणाले.

डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी उतरले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी सांगितलं, खोताची लेखी तक्रार आली तर तुमची नोकरी मला वाचवता येणार नाही. मी म्हटलं, येऊ दे.

तपासणीला चार दिवस होते. मी आमची वाडी फिरले, मग गाबितवाडा. तिथे सुंदराकाकी राहायची. विधवा बाई, डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"जाऊचा नाय, ता कळला," ती म्हणाली. "पण खराच आंगात रोग आसलो तर?"

"तर मी तुझ्या घराक येतलंय."

"मगे बरा."

ठरल्या दिवशी डॉक्टर खळ्यात टेबल मांडून दुपारपर्यंत बसले. दोन्ही वाड्यांतली एकही बाई आली नाही. पुरुषही आले नाहीत. समिती पडवीत घाम पुसत होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर माझ्या घरी आले. जमिनीवर बसले. "सांगा, कसं करायचं," म्हणाले. माफी मागितली नाही. मीही चहा विचारला नाही.

गावाच्या टोकाला एक ख्रिस्ती शिक्षिका राहायच्या. त्यांनी आपली पुढची खोली दिली. दाराला जाड चादर लावली. सुंदराकाकी बायकांना घेऊन यायची, आत मी तपासायचे. पुरुषांची वेळ वेगळी, तेव्हा डॉक्टर. कुणाला काय निघालं ते चादरीबाहेर जायचं नाही. गोळ्या सुंदराकाकीच्या पाटीतून जायच्या. तिची पाटी गावातल्या सगळ्या दारांत थांबायची. कुणी बांगडे घेतले आणि कुणी गोळी, हे बघणाऱ्याला कळत नसे. गोळीला माशाचा वास लागतो, अशी तक्रार मात्र बऱ्याच जणांनी केली.

एका दुपारी मोठ्या घरातली एक सून आली. मांडीवर चट्टा होता, जुना. मी टाचणी लावली. तिला कळलं नाही.

"कोणाक सांगा नको गो," ती म्हणाली.

मला बाहेर जाऊन ओरडायचं होतं. भर बाजारात उभं राहून त्या घराचं नाव घ्यायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. मी ते गिळले. तिची दया आली म्हणून नाही. पुकारलेलं माणूस औषध सोडतं, हे मी माझ्या घरात बघितलं होतं म्हणून. तिची बोटं शाबूत राहिली. कुठल्या घरातली ते मी तेव्हा सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. गावातल्या मोठ्या घरांनी आपापसात संशय घेत बसावं. माझी हरकत नाही.

वर्षभराने रत्नागिरीहून एक साहेब पाहणीला आले. समितीचा फोटो काढायचा होता. खोत मधे बसला. मला मागे उभं राहायला सांगितलं.

"खोतांची तपासणी अजून झालेली नाही," मी साहेबांना म्हणाले. "त्या खोलीत ते आले की फोटो काढू."

फोटो निघाला, माझ्याशिवाय. खोत त्या खोलीत कधी आला नाही.

बायकांची तपासणी मी करायचे, म्हणून पुढच्या तपासणीच्या वेळी नव्या समितीचा कागद माझ्याकडेही सहीला आला. त्यात सुंदराकाकीचं नाव नव्हतं. आमच्या वाडीचं एकही नव्हतं. मी कागद परत पाठवला. मी कुणालाही माफ केलेलं नाही. गोळी मी सगळ्यांना देईन, खोताच्या घरातही देईन, ते माझं काम आहे. पण आमच्या अंगाबद्दल जिथे ठरतं तिथे आम्ही खुर्चीवर बसू. सुंदराकाकीचं आणि आमच्या वाडीतलं एक, ही दोन नावं लिहून येईपर्यंत मी सही करणार नाही.