बार्जवर मागे उभा असलेला माणूस

माझी मान उजवीकडे वळवली की कटकन वाजते. डॉक्टर म्हणतात, वय झालं. वय बिय काही नाही. ही मान एका माणसाने मोडली आहे, आणि तीही मला बोट न लावता. त्याच्याबद्दल मी घरात बोलू लागलो की बायको उठून आत जाते. तिने हे सगळं फार वेळा ऐकलंय. म्हणून आता लिहून काढतो.

ऐंशी सालाच्या आगेमागे मी बोईसरला लॉरी चालवत होतो. मी घाटावरचा. आमच्याकडची पोरं कारखान्यांत लागली तसा मीही आलो, पण आठ-आठ तास एका मशीनपुढे उभं राहणं मला जमेना, म्हणून स्टेअरिंग धरलं. आमच्या शेठच्या तीन गाड्या होत्या. कारखान्यांचा माल, मीठ, विटा, बर्फ, जे मिळेल ते वाहायचो. वाटेत एक खाडी लागायची. तिचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्या काठावरची माणसं अजून हयात आहेत आणि त्यांची जीभ माझ्यापेक्षा तिखट आहे. खाडीवरचा पूल जुना झाला, त्यावर जड गाड्यांना बंदी झाली, आणि लॉऱ्या पलीकडे न्यायला एक लोखंडी बार्ज आली.

बार्जला तोंड एकच. त्यामुळे पलीकडे गेल्यावर सरळ उतरता यावं म्हणून अलीकडून गाडी उलटीच चढवावी लागायची. भरती पुरी असेल तर ठीक. पाणी उतरायला लागलं की उतार असा व्हायचा की भरलेली लॉरी मागच्या मागे बार्जमध्ये ओढली जायची. गाडीवरचा मदतनीस किन्नर हातात उटी, म्हणजे चाकाला लावायचा लाकडाचा ओंडका, घेऊन शेजारी पळायचा. बार्जच्या डाव्या कोपऱ्यात दोर बांधायचा लोखंडी खुंटा होता, आणि उजव्या कडेला कठडा असा नव्हताच. गाडीचा डावा मागचा कोपरा ड्रायव्हरला दिसत नाही. डावीकडे आरसा असलाच तर फुटका. मग ते कोण बघणार?

त्यासाठी तिथे एक रीत होती. रांगेत आपल्या मागे ज्याची गाडी, त्याने खाली उतरून बार्जमध्ये उभं राहायचं आणि पुढच्याला आत घ्यायचं. त्याची गाडी लागली की मग त्याच्या मागच्याने त्याला घ्यायचं. ही रीत कुणी लिहून ठेवली नव्हती. भांडण असो, वैर असो, चुलीत गेलं ते वैर. मागे उभं राहिल्यावर खरंच सांगायचं. कारण आज तुम्ही त्याच्या मागे, उद्या आणखी कुणी तुमच्या मागे.

ती रीत एका माणसाने मोडली. तो आमच्याच शेठचा ड्रायव्हर, किनाऱ्यावरच्या दांडी गावाकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. गाडीवर हात चांगला होता त्याचा, हे मला मान्य करावंच लागतं आणि करताना माझे दात आंबतात. शेठने नवी गाडी घेतली तेव्हा ती त्याला मिळणार असं सगळे धरून चालले होते. शेठने चावी माझ्या हातात दिली. का दिली ते शेठलाच माहीत. हा नुसता गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "घाटी लोकांना नवीन वस्तू लय आवडतात."

आठवडाही झाला नसेल. रांगेत मी पुढे, तो माझ्या मागे. गाडीत विटा. पाणी उतरायला लागलेलं. तो बार्जमध्ये जाऊन उभा राहिला, हात वर केला आणि ओरडला, "ये, बिनधास्त ये. मी हाय मागे." मी खिडकीतून डोकंसुद्धा बाहेर काढलं नाही. कशाला काढू? तो होता ना मागे. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे," आणि मग धाडकन आवाज झाला. गाडीचा डावा कोपरा खुंट्यावर बसला होता. फळ्या फुटल्या, चासी वाकली, नव्या गाडीचं मागचं अंग पिळून निघालं. मी खाली उतरलो तर तो खिशात हात घालून उभा.

शेठ आला. माझ्याकडे न बघता त्याने त्याला विचारलं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "मी थांब बोललो, शेठ. यानी ऐकलं नाय."

झालं. एवढ्या एका वाक्यावर माझं स्टेअरिंग गेलं. मागे उभा असलेला माणूस खोटं बोलतो हे त्या खाडीवर कुणाच्या डोक्यातच येईना. दुरुस्त झालेली नवी गाडी त्याला मिळाली आणि मला शेठने त्याच गाडीवर, त्याच्याच हाताखाली, किन्नर म्हणून ठेवलं. ड्रायव्हर झालेल्या माणसाने उटी घेऊन चाकाशेजारी पळायचं! मी पळालो. सव्वा वर्ष पळालो. दुसरी नोकरी शोधता आली असती, पण मला तिथेच राहायचं होतं, त्याच्या डोळ्यांसमोर. तो वरून हाक मारायचा, "ए घाटी, उटी बघ," आणि मी उटी बघायचो. मनात मात्र एकच. स्टेअरिंग परत मिळू दे, मग एक दिवस मी तुझ्या मागे उभा राहीन.

मग एक ड्रायव्हर वसईला निघून गेला आणि शेठने सगळ्यांत जुनी, गिअरला हिसके देणारी गाडी मला दिली. मला ती विमानासारखी वाटली.

पहिल्याच खेपेला मी खाडीवर बरोबर त्याच्या मागे गाडी लावली. त्याने आरशात बघितलं. मग खाली उतरला, टायरला लाथा मारल्या, बॉनेट उघडलं, पाणी बघितलं आणि म्हणाला, "तू जा पुढे. माजी गाडी तापलीय." तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला भीती वाटते! मी काही करायचीही गरज नव्हती. फक्त त्याच्या मागे असायचं.

त्यानंतर वर्षभर मी त्याला छळलं. छळलं हाच शब्द. तो रांगेत लागला की मी मागे हजर. त्याने मला पुढे जायला सांगितलं की मी म्हणायचो, "नाही बुवा, माझा चहा व्हायचाय." मग मी टपरीवर बसून एक कटिंग इतका पुरवून प्यायचो की ग्लासाला कंटाळा यावा. तो दुसऱ्या ड्रायव्हरांना हाका मारून मध्ये घ्यायचा. कुणी नसेल तर पाणी उतरेपर्यंत थांबून राहायचा आणि भरती चुकवायचा. भरती चुकली की खेप चुकली. शेठ त्याच्यावर ओरडायला लागला. मला रात्री शांत झोप लागायला लागली. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातलं ते फार सुखाचं वर्ष होतं.

आणि मग बर्फाचा दिवस आला.

मे महिना, दुपार. त्याच्या गाडीत बर्फाच्या लाद्या, वर भुसा. पलीकडच्या बंदरावर मच्छीमारांच्या होड्या त्या बर्फासाठी अडून बसल्या होत्या. गाडीखाली पाण्याची धार लागलेली. पाणी उतरायला लागलं होतं आणि बार्जवाला ओरडत होता, शेवटची फेरी, शेवटची फेरी. रांगेत दोनच गाड्या. पुढे तो, मागे मी. त्याने मागे बघितलं. रस्ता मोकळा. टपरीत कुणी नाही. माझ्याकडे बघितलं. मी चहा घेतला नाही त्या दिवशी. सरळ बार्जमध्ये जाऊन उभा राहिलो.

तो गाडीत चढला. गाडी उलटी उतारावर आली. त्याची लाइन अगदी बरोबर होती, वीतभरसुद्धा इकडेतिकडे नाही. मी त्याला खुंट्यावर घालू शकत होतो. दोन वर्षं मी त्याचीच स्वप्नं बघितली होती. पण मी तसं केलं नाही. मी हात वर केला आणि खरं तेच सांगितलं. फक्त शब्द त्याचे वापरले.

"ये, बिनधास्त ये. मी हाय मागे."

त्याची मान खिडकीतून बाहेर आली. त्याचा चेहरा मला दिसला. मी पुन्हा म्हणालो, "सरळ येऊ दे. अजून येऊ दे." त्याला वाटलं मी त्याला खुंट्यावर घेतोय. त्याने उजवीकडे स्टेअरिंग मारलं. मी ओरडलो, "सरळ! सरळ घे!" जितका मी ओरडलो तितकं त्याने उजवीकडे ओढलं. उजवं मागचं चाक बार्जच्या कडेवरून खाली गेलं. किन्नराने उटी फेकली पण कशाला लागणार? गाडी कलली, फाळका तुटला आणि बर्फाच्या लाद्या एकामागून एक खाडीत उतरल्या. भुसा पसरला. लाद्या पाण्यावर तरंगत समुद्राकडे निघाल्या, आणि पलीकडचे मच्छीमार शिव्या देत लहान होड्या घेऊन त्या धरायला धावले. कुणाला काही लागलं नाही. गाडी तेवढी लंगड्या बैलासारखी बसून राहिली.

तो उतरून माझ्यासमोर आला. "तू खरं बोलत व्हतास?"

"हो," मी म्हणालो.

शेठला यायला वेळ होता. तोवर हा माझ्याजवळ उकिडवा बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला भाऊ म्हणाला. "भाऊ, एवढंच बोल की इंजिनाच्या आवाजात आयकू आलं नाय. तुज्यावर काय येणार नाय. माजं स्टेअरिंग जाईल. मला दुसरं काय येत नाय, भाऊ." मला ते ऐकून कीव आली का? आली. पण सव्वा वर्ष उटी घेऊन पळालेले पाय माझे होते. मी काहीच बोललो नाही, तर त्याला वाटलं मी हो म्हणालो.

शेठ आला. या खेपेला त्याने मला विचारलं. मी त्याच आवाजात, तितक्याच शांतपणे म्हणालो, "मी सरळ ये बोललो, शेठ. यानं ऐकलं नाही."

सगळं वाक्य खरं होतं. मागे उभा असलेला माणूस खोटं बोलत नाही, हे त्या खाडीवर सगळ्यांना माहीत होतं. त्याचं स्टेअरिंग गेलं. नवी गाडी परत माझ्याकडे आली. मी बोईसरहून पेढे आणून टपरीवर वाटले, आणि ते कशाचे आहेत हे कुणी विचारलं नाही.

इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दोन-दोन अपघात झाल्यावर बार्जवाल्याने रांगेची ती रीतच बंद केली आणि गाड्या आत घ्यायला कायमचा माणूस ठेवला. गाड्यांची जाण असलेला, खाडीची जाण असलेला, रिकामा बसलेला माणूस. तोच! मी पहिल्यांदा त्याला बार्जमध्ये हात वर करून उभा असलेला बघितला तेव्हा माझा पाय ब्रेकवर गेला तो उठेना.

त्यानंतर सात-आठ वर्षं, जवळजवळ रोज, तो मागे आणि मी पुढे. बाकीचे ड्रायव्हर बिडी ओढत मजेत गाडी मागे घ्यायचे. मी दार उघडायचो, अर्धा बाहेर लटकायचो, एका हाताने स्टेअरिंग धरून मान मागे वळवून इंच इंच बघायचो. उन्हात, पावसात. तो आरामात म्हणायचा, "येऊ द्या. येऊ द्या. बस." मला अहोजाहो करायचा. एकदाही त्याने खोटं सांगितलं नाही. तो थांब म्हणाला की थांबायचीच जागा असायची. आणि मी एकदाही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. माझी मान तिथे गेली.

नवा पूल झाला आणि बार्जची शेवटची खेप आली, ती माझी होती. पाणी तुडुंब, उतार नाहीच, पोरानेही गाडी आत घातली असती. तो चालत माझ्या दाराशी आला. दाढी पांढरी झाली होती. "एवढी वर्सं झाली," तो म्हणाला, "एकदा तरी तुमाला खोटं बोललो काय?"

"नाही."

"मग आज मान आत घ्या की."

मी दार लावलं. मान आत घेतली. रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. मागून त्याचा आवाज आला, "येऊ द्या." गाडी चार हात मागे गेली असेल. मी दार उघडलं आणि बाहेर लटकलो.

तो हसला. मोठ्याने नाही, नुसता हसला. बाकी सगळं मी त्याला माफ केलंय. ते हसणं नाही.