इन्स्टॉलेशन लतीफ सरांनीच केलं

गेल्या रविवारी सकाळी इथंच कोपरगावात लतीफ सरांच्या घरी गेले होते. सर शाळेत इतिहास शिकवतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही... कॉम्प्युटर स्क्रीनवरचं वाचून दाखवतो आणि ते ऐकत ऐकत सर मुलांसाठी नोट्स टाइप करतात.

माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. सरांनी एक जुना डेस्कटॉप घेतला होता, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं होतं. फोनवरच म्हणाले, "ताई, इन्स्टॉल मी करणार. तुम्ही फक्त शेजारी बसा." मला प्रश्नच पडला... स्क्रीन न बघता कसं करणार?

सरांनी समजावलं. लिनक्सची डीव्हीडी सुरू झाली की 'टूं' वाजतं. ते ऐकलं की एस दाबायचं, मग एंटर, आणि पुढचं सगळं मशीन स्वतःच बोलत जातं. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण मला हे माहीतच नव्हतं!

डीव्हीडी फिरली, 'टूं' वाजलं. सरांनी एस दाबलं, एंटर दाबलं... काहीच नाही. पुन्हा केलं, तरी तेच. "कॅप्स लॉक दाबतोय, दिवा लागतोय का बघा बरं," सर म्हणाले. नव्हता लागत.

मला वाटलं, कीबोर्ड गेला. पण डीव्हीडी काढल्यावर जुनं विंडोज सुरू झालं आणि तोच कीबोर्ड मस्त चालायला लागला! डीव्हीडी टाकली की पुन्हा बंद. पोर्ट बदलून पाहिले, काही फरक नाही.

सर म्हणाले, "म्हणजे विंडोज आलं की यूएसबी कीबोर्ड ओळखला जातो. त्याच्या आधी मशीनला तो कळतच नाही." अगदी बरोबर होतं. तशी एक सेटिंग असते, ती कुणीतरी बंद केली असणार. पण ती चालू करायची म्हटली तरी कीबोर्डच हवा... आम्ही दोघंही हसलो.

मी दुसरं मशीन बघू या म्हणणार, तेवढ्यात सर टेबलामागे वाकून कॉम्प्युटरच्या डब्याच्या पाठीवर बोटं फिरवायला लागले. "ताई, इथं दोन गोल भोकं आहेत. आत बारीक बारीक छिद्रं. ही कशाची?"

जुन्या गोल पिनच्या कीबोर्ड-माऊसची! त्यांना ती सेटिंग लागू नसते. डोळे असून मी मागे नीट बघितलंच नव्हतं... खरं सांगते, लाज वाटली. दुकानात तसा एक कीबोर्ड धूळ खात पडला होता, स्कूटीवरून जाऊन घेऊन आले.

सेटिंगचा स्क्रीन काही बोलत नाही. म्हणून मी वाचत होते आणि बटणं सर दाबत होते. "खाली... अजून एक खाली... हां, इथं एंटर." स्वतःच पटकन करून टाकावं असं सारखं वाटत होतं, पण हात मांडीवर ठेवून बसले.

सेटिंग चालू केली, सेव्ह केली, यूएसबी कीबोर्ड परत लावला. 'टूं'... एस... एंटर. अर्धा मिनिट नुसती शांतता. सरांच्या पत्नी शबाना भाभी चहा घेऊन दारातच थांबल्या होत्या. "झालं का हो?" त्यांनी विचारलं. सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

आणि स्पीकरमधून एक पत्र्यासारखा आवाज भराभर इंग्रजी बोलायला लागला. "या अल्ला, बोललं की!" भाभी म्हणाल्या. मला त्यातला एक शब्द धड कळत नव्हता, पण सरांची बोटं त्याच्या पुढे धावत होती. मला चहा पिण्यापलीकडे काही कामच उरलं नाही.

मधेच सर थांबले. "ताई, जरा तिकडं बघता? पासवर्ड टाकायचाय."

मी खिडकीकडे तोंड केलं. सर म्हणाले, "आजपर्यंत माझ्या प्रत्येक कॉम्प्युटरचा पासवर्ड दुसऱ्याच कुणीतरी ठेवला. इन्स्टॉल करून द्यायचे आणि जाताना मला सांगायचे. हा पहिला, जो फक्त मला माहीत असेल." मागून बटणांचा आवाज येत राहिला... चांगला लांबलचक पासवर्ड होता!

मीही शेकडो गिऱ्हाइकांचे पासवर्ड असेच ठेवून दिलेत, एक-दोन-तीन-चार वगैरे... आता त्या स्क्रीनवर पोचले की कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवते आणि रस्त्याकडे बघत उभी राहते. थँक्यू, सर.