सासूची मांजरं आणि नोएलीचा डोळा

सॉसेजचं मांस मळून परातीत पडलं होतं, धुतलेली आतडी खुंटीला लोंबत होती, आणि नोएली सगळं तसंच टाकून सासूच्या बोक्याच्या मागे धावत होती. मी लसूण सोलत बघत होते.

नोएली माझी शेजारीण. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात घरी डुक्कर कापलं, तेव्हा सासूने, नोना इतालियाने, कच्च्या मांसाचा चमचा तिच्या तोंडात कोंबला होता. "मीठ बघ. या घरची सून आहेस ना?" आमच्या वस्तीत मीठ असंच बघतात. पुढे तिच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडला. त्या डोळ्याने माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, हे एका किडीमुळे झालं; ती मांजराच्या विष्ठेतून मातीत जाते, मातीतून डुकरात आणि कच्च्या मांसातून माणसात. नोना म्हणाली, "कुणाची तरी नजर लागली असेल."

नोएली डोळ्यांचं रक्षण करणाऱ्या संत लुझियापुढे मेणबत्ती लावत राहिली, आणि संधीची वाट बघत राहिली.

आता तिची लेक मारिली पोटुशी आहे, आणि ही कीड आईकडून बाळाच्या डोळ्यांत उतरू शकते. विद्यापीठाचे लोक मांजरांना तोंडावाटे द्यायच्या लशीची चाचणी घ्यायला आले, तेव्हा नोएली सगळ्यांच्या आधी उभी. लस लागू पडली, तर मांजर कीड बाहेर टाकणार नाही म्हणे.

बोका सापडला. तिने त्याचा जबडा उघडून पिचकारी रिकामी केली.

"माझा डोळा खाल्लास ना? आता हे खा!"

"हळू गं, माझं लेकरू आहे ते!" नोना कळवळली.

"माझं लेकरू चुलीपाशी बसलंय. त्याची काळजी केलीत कधी?"

एवढं ऐकूनही म्हातारीने सवयीने चमचा भरला आणि मारिलीपुढे धरला. "बघ गं पोरी, मीठ."

नोएलीने चमचा हिसकावला. मांस तव्यावर खरपूस होईपर्यंत परतलं आणि वाफाळता घास नोनाच्याच तोंडात घातला.

"तुम्ही बघा. यापुढे या घरात मीठ तुम्हीच बघायचं, आणि असंच."

नोनाची जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. देवा क्षमा कर, मला फार बरं वाटलं.

"कमी आहे," नोना पुटपुटली.

"घाला मग."

नोनाची दुसरी, राखाडी मांजरी तेवढी निसटली होती. ती माझ्या गोठ्यात लपते. नोएलीने चमचा ॲप्रनच्या खिशात घातला, आमिषाला सार्डिन माशांचा डबा उचलला आणि तिला पकडायला माझ्या गोठ्याकडे निघाली.