गुळाच्या काहिलीची नाव

माणसानं नाव कशी शोधली, हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आले. आदिमानवानं तरंगणारा ओंडका पाहिला, त्यावर बसला, मग तो पोखरून आत बसला. पोरं वहीत ओंडका काढतात आणि त्यावर हसरा माणूस. हसरा कशाला असेल, कप्पाळ! पलीकडं जायची गरज पडल्याशिवाय कोण कशाला भिजतंय?

त्या वर्षीच्या पुरात आमच्या गावातनं कोल्हापूरला जायचा रस्ता बुडाला. पाण्याला ओढ नव्हती, पंचगंगेचा फुगवटा उसात शिरून थांबला होता. पण माझ्या सासूबाईंचं डायलिसिस थांबणार कसं? एक वार आधीच हुकला होता. पाय सुजले होते, दोन शब्द बोललं तरी धाप लागायची. सरकारी बोट दुसऱ्या गावात गुंतलेली. फोन करकरून माझा घसा बसला.

शेवटी नवऱ्यानं आणि शेजारच्या गुऱ्हाळवाल्यानं उसाचा रस आटवायची काहील बाहेर काढली. चार माणसं मावतील एवढी कढई. पाण्यावर तरंगली, पण जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. बांबूनं रेटली तर उलटी फिरायची. गुऱ्हाळवाला एका अंगाला बसला, तर पाणीच आत आलं. "आयला, हिला तोंडच न्हाय, जाणार कुठं?" तो वैतागला. मग दोन्ही अंगांना ट्रॅक्टरच्या चाकातल्या हवा भरलेल्या इनर बांधल्या, कडीला दोरखंड लावला. ते दोघं छातीएवढ्या पाण्यातनं ओढणार असं ठरलं.

तर आत्या बसेनात. सासूबाईंना मी आत्याच म्हणते. दसऱ्याला पूजा होते त्या काहिलीत चपला घालून कसं बसायचं म्हणे! चपला काढून पिशवीत घातल्या, काहिलीच्या पाया पडल्या, तेव्हा कुठं बसल्या. आणि वर मला विचारतात, "मला उकळायला नेताय व्हय गं?" एरवी मी पोट धरून हसले असते. पण जनावरं वरच्या आळीला हलवून, शाळेतल्या छावणीत भात शिजवून माझ्यात त्राणच उरलं नव्हतं. एका हातानं त्यांना धरलं आणि दुसऱ्या हातानं आत आलेलं पाणी उपसत राहिले.

पलीकडं रिक्षा होती. डायलिसिस झालं, धाप ओसरली. जनावरं गावात, त्यामुळं परत जाणं भागच होतं. दिवस कलताना पुन्हा पाण्याकडेला आलो. ते दोघं इनरच्या गाठी आवळत होते. आत्यांनी चपला काढून पुन्हा पिशवीत घातल्या.

"परवा न्हाय आलं तर चालंल की," त्या म्हणाल्या. "किती वढायचं तुमी? लई दमलीस गं तू. माझं काय, झालंय आता."

अस्सा राग आला मला! एवढा जीव काढून हे ऐकायचं? चारचौघांत मी त्यांच्यावर ओरडले, "गप बसा! परवा यायचं, आणि त्याच्या पुढच्या वारालाबी यायचं!"

"अगं, पण मी म्हंते, चालंल की..."

"तुमचं चालंल वो आत्या," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. "माझं न्हाय चालायचं."