हत्तीसाठी झाड

"झाडाला हत्ती व्हायचं नसतं, त्याला रोज थोडं थोडं पटवावं लागतं," हत्तीमामा एकदा म्हणाले होते.

इस्पितळातल्या मुलांनी या माळ्याला ठेवलेलं हे नाव. लहान मुलांच्या वॉर्डासमोर त्यांनी चौदा वर्षं कातरून दुरंताच्या झुडपांचा हत्ती उभा केला होता. सलाईन लावलेली पोरं खिडकीतून ओरडायची, "मामा, कान वाकडा झालाय!" मामा निमूटपणे दुसरा कानही तेवढाच वाकडा करायचे.

यंदा बागेला आठवड्यातून एकदाच पाणी मिळू लागलं आणि हत्ती सोंडेपासून वाळत गेला. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "कमी पाण्यात टिकेल असं झाड सोमवारपर्यंत सांगा. नाहीतर तिथे फरशी घालून गाड्या लावू."

मामांना याची कुणकुण आधीच लागली होती. अडीच महिने घराच्या गच्चीवर त्यांची परीक्षा चालू होती. मेंदी, कोयनेल आणि कामिनी अशी तीन रोपं, प्रत्येकाला पंधरा दिवसांतून एक पेला पाणी. बायको त्यांना 'उपाशी मंडळ' म्हणायची.

रविवारी मामांनी निकाल लावला. मेंदी तगली होती, पण कातरली की आतल्या काड्या दिसायच्या. असा हत्ती वॉर्डातच दाखल करावा लागला असता. कोयनेलचं रोप हिरवंगार होतं, पण मामांना ते कधीच आवडलं नव्हतं. जिथे तिथे कुंपणाला लावतात ते झाड, त्याचा कसला हत्ती! कामिनी मात्र बारीक, चकचकीत पानांनी भरली होती.

"ठरलं. कामिनी," चहाला बसताना मामा म्हणाले. "काय चिवट आहे!"

बायको चहा गाळता गाळता थांबली. "अहो, चिडणार नसाल तर सांगते."

"चिडेन. सांग."

"मी तिला रोज भाजी धुतलेलं पाणी घालत होते."

"रोज?"

"तुम्ही तिच्यापाशी उभं राहून असे उसासे टाकायचात! म्हटलं, ही मेली तर हा माणूस जेवायचा नाही."

"आणि बाकीच्या दोघांना?"

"त्यांची तुम्हालाच पडली नव्हती, मला कशाला पडेल?"

मामा इतके हसले की चहा शर्टावर सांडला. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. कामिनी लावली असती, तर पोरांच्या डोळ्यांदेखत दुसरा हत्ती वाळला असता.

ते गच्चीवर गेले. आठवड्यापूर्वी कोयनेलचा एक शेंडा त्यांनी सहज छाटला होता. तिथे दोन नवे कोंब आले होते. तहानलेल्या झाडाने एकाच्या जागी दोन दिले होते. मामा त्याच्यासमोर बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

सोमवारी सकाळी बायकोने विचारलं, "मग बाईंना काय सांगणार?"

मामांनी डबा पिशवीत टाकला, कोयनेलची कुंडी लेकरासारखी कडेवर घेतली आणि ते दाराबाहेर पडले.