येऊरच्या जंगलातली आमची भिंत

मेलिसाचा फोन आला तेव्हा मी मरोळच्या आमच्या गावठाणातल्या ओट्यावर बसून सुकट निवडत होते. "आंटी, शनिवारी याल का कॅम्पवर? स्वयंपाकघर पाडायचंय. पहिला हात तुमचा लागेल."

हे काय ते सांगायला हवं. येऊरच्या जंगलात चर्चच्या लोकांनी चालवलेला एक कॅम्प आहे. पगारी माणूस कोणी नाही. मेलिसा बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी तिथले नळ दुरुस्त करते. आमच्या तरुणपणी तिथे दोन ताडपत्र्या होत्या. बाकीचं सगळं आम्ही दर सुट्टीत थोडं थोडं बांधलं. एकदा अंधेरीकरांनी न विचारता मालाडकरांच्या न्हाणीचा आडोसा पाडला आणि दोन वर्षं कोणी कोणाशी बोललं नाही. तेव्हापासून नियम झाला: ज्याने बांधलं, त्यानेच पाडायला पहिला हात लावायचा.

स्वयंपाकघराची मागची भिंत माझी आणि माझ्या मैत्रिणीची, फिलोची. रस्त्यापासून विटा डोक्यावर वाहून आम्ही दोघींनी ती मातीत रचली. फिलो आता खुबा मोडून शेजारच्याच घरात पडून आहे. तिला सांगायला गेले तर म्हणाली, "जाऊ नकोस. तू हात लावला नाहीस तर ते पाडणार नाहीत."

"अगं, छप्पर गळतंय म्हणे."

"छप्पर बदला. भिंतीने काय केलंय?"

जायचं की नाही, हे शुक्रवारपर्यंत कळेना. गेले तर हात लावायचा की नाही, हे तर तिथे पोचेपर्यंत कळलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला निघाले. मरोळहून मुलुंड चेकनाक्यापर्यंत रिक्षाचे सव्वादोनशे झाले, तिथून दुसरी रिक्षा. ठाणे स्टेशनवरून बसही आहे, पण वेळ आधी विचारून घ्या. वनखात्याच्या नाक्यावर पिशव्या बघतात. माझ्या पिशवीतल्या बाटली मसाल्याचा, म्हणजे आम्ही वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतो त्या तिखटाचा, वास घेऊन तिथला माणूस म्हणाला, "मावशी, जेवायला आम्हाला पण बोलवा." गुडघे दुखत असतील तर पुढची चढण सावकाश चढा. काठी मी घरी विसरले होते आणि कोणाला दोष द्यावा कळत नव्हतं.

कॅम्प बघून मला आपण चुकीच्या जागी आलो असं वाटलं. सौर दिवे, व्हीलचेअरसाठी उतरण, टाइल लावलेले संडास. आम्ही डबा घेऊन झाडामागे जायचो. चांगलंच झालंय सगळं. तरी मी कुठे न थांबता सरळ स्वयंपाकघराकडे गेले.

मागे ती भिंत मात्र होती तशीच होती, धुराने काळी झालेली. सवयीने मी तिच्यावर तळवा टेकवला. मातीत दाबलेल्या बोटांच्या खळग्या अजून लागत होत्या.

मेलिसा तिथेच उभी होती, आणि चुलीपुढे जानकीबाई बसली होती. जवळच्या पाड्यावरची; लग्न होऊन आली तेव्हापासून कॅम्पचा स्वयंपाक तिच्याकडे. मी म्हटलं, "जानकी, माझ्याच्याने नाही होणार. फिलोला काय सांगू? आमच्या हातची भिंत आहे."

तिने भाकरी उलटली. मेलिसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, आता पाडायचीच हाय म्हणून सांगते. तुमची भिंत बांधली त्याच साली पावसाळ्यात पडली. ही सासूने न् मी बांधली."

मला आधी कळलंच नाही. "मग ही बोटं?"

"सासूची. खालची माझी."

"इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही दर साली यायच्या, भिंतीला हात लावून बघायच्या. कसं सांगणार?"

मेलिसा हळूच म्हणाली, "आंटी, मग नियमाने पहिला हात जानकीबाईंचा."

"माझा आनंदाने घ्या," जानकी म्हणाली. "धुराने डोळे गेले माझे. नवीन जागेत नळ आतच देणार ना?"

"ओट्यावरच," मेलिसा म्हणाली.

जानकी उठली, कोपऱ्यातली सैल वीट हलवून काढली, फुंकर मारून बाजूला ठेवली. "कोंबड्यांच्या खुराड्याला होईल," म्हणाली आणि भाकरी करपेल म्हणून परत बसली. संपलं. मी ज्यासाठी दोन दिवस झोपले नव्हते ते काम तिने भाकरी भाजता भाजता केलं.

जेवायला तांदळाची भाकरी, सुकट आणि आंब्याचं लोणचं. जेवणाचा दर ठरलेला नाही, दाराशी डबा असतो, जमेल ते टाकायचं; ते जानकीला जातं. नातवंडांना मी या भिंतीची गोष्ट किती वेळा सांगितली असेल, ते आठवत मी जेवले. खोटी सांगितली म्हणायचं का? भिंत तर आम्ही बांधली होतीच. फक्त ती ही नव्हती.

जेवणानंतर बाकीच्यांनी भिंत उतरवली. निघताना जानकीने तिच्या मातीचं एक ढेकूळ कागदात गुंडाळून दिलं. "फिलोबाईंना द्या." त्यावर तीन बोटांचे ठसे होते.

संध्याकाळी सहाला घरी पोचले ती थेट फिलोकडे गेले. रस्ताभर वाक्यं जुळवली होती. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, गप्प राहणं हेही खोटं बोलणंच. ते मला पाठ होतं.

"पाडली?" फिलोने विचारलं.

"पाडली."

मी कागद तिच्या हातात दिला. तिने उघडला, ढेकूळ दिव्याकडे धरलं आणि आपली तीन बोटं त्या खळग्यांत ठेवली. बोटं तिची आता वाकडी झालीत, तरी बसली.

"बघ ग्रेसी," ती म्हणाली, "माझीच आहेत."

मी तोंड उघडलं, आणि जानकी आठवली.

"हो गं," मी म्हटलं. "तुझीच."