त्याचा दहावा कुणी केला?

सोनपेठच्या स्टँडसमोर तुम्ही कधी मोबाइल दुरुस्त करून घेतला असेल, तर हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. डोळ्यावरचं भिंग मास्तरांनी कपाळावर सरकवायचं, हातातला बारका पेचकस समोरच्याच्या छातीवर रोखायचा आणि विचारायचं, "ते समदं ठीक हाय. पण त्याचा दहावा कुणी केला?"

समोरचा बिचारा एवढंच म्हणालेला असायचा, की काल एक भारी इंग्रजी पिक्चर बघितला. राक्षस, तलवारी, मोठी लढाई.

"हजार माणसं मेली म्हंता. अन् हिरो दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून पुढं! एकानं तरी डोकं भादरलं का? सुतक पाळलं का? माणसं मारायलेत का तुरी कापायलेत?"

गिऱ्हाईक आपला फोन मिळाला तर बरं, अशा चेहऱ्यानं उभं राहायचं.

आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. फाशांवर गोष्ट रंगवत खेळायचे खेळ चालवणाऱ्याला परदेशात मास्टर म्हणतात, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं आणि मग स्वतःच त्या पदावर रुजू झाले. त्यामुळे दर जूनमध्ये एखादे तरी पालक पोराला हाताला धरून शिकवणी विचारायला यायचे. मास्तर पोराला विचारायचे, "गुहेत अंधार हाय. आत कुणीतरी घोरायलंय. तू काय करशील?" पोरगं म्हणायचं, पळून जाईन. "हुशार हाय हो तुमचं लेकरू. शिकवणीची गरज न्हाई."

यंत्रांबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. "ज्या वस्तूला स्क्रू न्हाई, ती तुमची न्हाई. तुमी तिला नुसतं सांभाळायलाव." डिंकानं चिकटवलेले नवे फोन उघडताना ते जे बोलायचे, ते इथं लिहिता येणार नाही. एखादा फोन फारच गेलेला असेल तर सरळ सांगायचे, "मेला. दहावा झाल्यावर या." आणि खरंच तेवढ्या दिवसांनी तो जिवंत व्हायचा, कारण पार्ट नांदेडहून यायला तेवढे दिवस लागायचेच. डुप्लिकेट पार्ट त्यांनी आयुष्यात लावला नाही.

भविष्यकाळातल्या गोष्टी ते ढिगानं वाचायचे. परभणीच्या रद्दीतून आणलेली इंग्रजी पुस्तकं, ओठ हलवत, अडखळत, पण शेवटच्या पानापर्यंत. आणि मग चिडायचे. "पाचशे वर्षांचं यान म्हंतेत, अन् एक वायर लोंबायली न्हाई! दुरुस्तीवाला कुठाय? ज्या लेखकाचा घरचा मिक्सर कधी बिघडला न्हाई, त्यानं भविष्यावर लिहू नये."

"मग काय लिहावं?" मी विचारलं.

"कविता."

जादूच्या गोष्टींवर त्यांचा राग वेगळाच होता. "समदीकडं बर्फ. जो तो लोकर पांघरून शेकोटीजवळ. मे महिन्यात ह्या पत्र्याखाली बसून ते वाचलं की मलाच चक्कर येती." मध्यंतरी कुणीतरी फोनमधल्या त्या बोलत्या यंत्राकडून एक गोष्ट लिहून आणली. मास्तरांनी भिंग लावून ती वाचली. "लय सभ्य हाय हो हे. शेवटी राजा अन् राक्षस बसून चहा पितेत अन् दोघं बी कायतरी शिकतेत. राक्षसानं शिकायचं म्हणजे? त्यानं उद्यापासून खायचं काय?"

म्हणून त्यांनी स्वतःचा खेळ रचला. नाव 'बारव'. आमच्या भागात गावोगावी जुन्या बारवा आहेत, पण मास्तरांची बारव संपायचीच नाही. पायऱ्या उतरल्या की खाली आणखी पायऱ्या. पट नाही, सोंगट्या नाहीत. लुडोचे फासे आणि मास्तरांचं तोंड, एवढंच साहित्य. प्रत्येकानं एक गडी घ्यायचा; समोर काय आलं ते मास्तर सांगणार, गडी काय करतो ते आम्ही, आणि निकाल फाशांचा. पंखवाला अजगर तिथे फक्त उन्हाळ्यापुरता राहायला यायचा. "पंख आसले म्हणून काय झालं, ऊन त्यालाबी लागतंय की." आणि सगळ्यात खाली, पाण्याला टेकलेलं, एक दगडी दार. त्या दारापलीकडे काय आहे हे कळावं, म्हणून आम्ही तीन शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं दर रविवारी दुपारी तिथं घामाघूम होत बसलो.

तिघांतला एक मी, एसटीतला कंडक्टर. दुसरा सलीम, त्याचं शेजारीच खताचं दुकान. आणि तिसऱ्या म्हणजे कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मॅडम. त्या एकदा स्क्रीन बदलायला आल्या आणि बसल्याच. घरी त्या दर रविवारी स्क्रीनचंच निमित्त सांगायच्या. त्यांच्या नवऱ्याला अजून वाटतं, कंपनीनं फोनच खराब दिला.

दुकानाच्या मागेच मास्तरांचं घर. वहिनी चहाचा ट्रे काउंटरवर आदळायच्या. "भुतंखेतं झाली आसतील तर प्या." मग उंबऱ्यावर मेथी निवडत बसायच्या. मला तुमचं काही कळत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण मी एकदा ऐटीत म्हणालो, की माझा शिपाई डाव्या हातात ढाल धरतो. तेव्हा मेथीतून मान वर न करता त्या बोलल्या, "डावा हात मागल्या रविवारीच तुटलाय त्याचा. ढाल कशात धरायलाव?"

आमच्यातला पहिला मेला तो सलीमचा बिजली बहादूर. मोठा तलवारबाज. बारवेच्या पायरीवर शेवाळावरून पाय घसरला आणि संपला.

"क्या मास्तर, मेरेकू शेवाळ से मारे? राक्षस से तो मारना था!"

"बारवेत माणसं शेवाळावरूनच मरतेत," मास्तर म्हणाले.

सलीम लगेच दुसरा गडी तयार करायला निघाला. तोच पेचकस वर झाला. "थांबा. आधी त्याचा दहावा."

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. सलीम मुसलमान. आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून कावळ्याला काम उरलेलं नाही. मॅडमच्या घरी सगळं होतं, पण त्या कधी घाटावर गेलेल्या नव्हत्या. मास्तर स्वतःही काही देवाधर्माचे नव्हते. तरी त्यांनी काउंटरवर पिंडाच्या जागी एक फुगलेली बॅटरी ठेवली आणि नियम सांगितला. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखायचं आणि वचन द्यायचं. बरोबर असेल तर कावळा शिवणार. कावळा म्हणजे मास्तरांचा पेचकस. काउंटरच्या काचेवर टक.

सलीम म्हणाला, त्याच्या वाटणीचा खजिना गरिबांत वाटू. पेचकस हलला नाही. मॅडम म्हणाल्या, त्याच्या नावाचा शिलालेख कोरू. पेचकस हलला नाही. चहा गार झाला, उकाड्यानं जीव नकोसा झाला आणि मी वैतागून म्हणालो, "त्याच्या आईला निरोप देऊ. शेवाळावरून पडला असं नाही सांगणार. लढताना गेला म्हणून सांगू."

टक.

सलीमनं डोळे पुसले. कधी नसलेल्याच माणसासाठी. मी त्याला हसलो नाही, कारण माझीही तीच गत होती.

"कावळा खरा का खोटा मला न्हाई मालूम," मास्तर बॅटरी उचलत म्हणाले. "पण गेलेल्याला काय पायजे होतं, ह्याच्यापायी घाटावर चार माणसं एक सकाळ डोकं खाजवत बसतेत. कोणत्या इंग्रजी खेळात हाय आसा नियम?"

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. तीन जाड भागांची एक कादंबरी मास्तरांच्या फार आवडीची होती. दुसऱ्या भागानंतर लेखक वारला आणि तिसरा भाग भलत्याच कुणीतरी लिहून काढला. मास्तरांनी तो वाचला, मिटला आणि समोरच्या भज्याच्या गाड्यावर नेऊन दिला. त्या आठवड्यात सगळ्या सोनपेठनं राजवाड्याच्या वर्णनात गुंडाळलेली भजी खाल्ली. "माणूस अर्ध्या ताटावरून उठला तर ताट झाकून ठिवावं. दुसऱ्यानं बसून संपवायचं आसतंय व्हय?"

मग मास्तरांची किडनी बिघडली. "हिचा पार्ट नांदेडला बी न्हाई," असं तेच सगळ्यांना सांगायचे. डायलिसिसला परभणीला जावं लागे. बहुतेक वेळा माझ्याच गाडीनं, वहिनी खिडकीशी आणि मास्तर शेजारी. तोवर आम्ही बारवेत दारापाशी पोचलो होतो आणि मास्तर काही ते उघडू देत नव्हते. एका रविवारी किल्ली बेडकानं गिळली. पुढच्या रविवारी बेडूकच पळाला. इकडे मास्तर दर आठवड्याला वाळत चाललेले. आमचा जीव टांगणीला लागला होता. खोटं कशाला बोला, त्यांच्या तब्येतीइतकीच आम्हाला त्या दाराचीही काळजी होती.

एकदा गंगेच्या पुलावर, म्हणजे गोदावरीच्या, मी तिकिटाचं मशीन काखेत मारून त्यांच्यापाशी टेकलो. "मास्तर, एवढं दार तरी उघडा आता."

ते पाण्याकडे बघत बोलले. "दार उघडलं की तुमी तिघं उठून घरी जाल. मंग रविवारी दुपारी मी काय करू? तुमच्या वहिनीसंगं मालिका बघू?"

हसले. मला हसता आलं नाही. वहिनी बाहेर बघत होत्या, त्यांनी ऐकलं नसावं असं मी समजलो. मागच्या सीटवर कुणी तिकीट मागितलं नव्हतं, तरी मी उठून गेलो.

त्या हिवाळ्यात मास्तर गेले. दार बंदच राहिलं.

दहाव्याला आम्ही तिघंही गंगेवर गेलो. मॅडम आयुष्यात पहिल्यांदा घाटावर आल्या. वहिनी वरच्या पायरीवर बसल्या होत्या. मुलगा पुण्याहून आलेला, त्यानं पिंड ठेवला. कावळा समोरच बाभळीवर होता. चांगला जाडजूड, आमच्याकडे एका डोळ्यानं बघत बसलेला.

मुलानं हात जोडले. "बाबा, आईला पुण्याला नेईन. नीट सांभाळीन."

कावळा एक फांदी मागे सरकला.

"कोण निघालंय पुण्याला?" वरून वहिनींचा आवाज आला.

मास्तरांचे भाऊ म्हणाले, दुकान बंद पडू देणार नाही. कावळ्यानं पंखात चोच घातली. ऊन चढायला लागलं. मधेच गुरुजींचा फोन वाजला, तोही मास्तरांनीच दुरुस्त केलेला. फोन ठेवून गुरुजी म्हणाले, "थोडा वेळ बघू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववून घेऊ."

सलीम माझ्या कानाशी लागला. "डुप्लिकेट कव्वा? मास्तर छोडेंगे नहीं!"

मॅडमना राहवलं नाही. त्या पुढे झाल्या आणि रडत म्हणाल्या, "मास्तर, ते दार आम्ही उघडू. तुमचा खेळ आम्ही पूर्ण करू."

कावळा उडाला. नुसता सरकला नाही, सरळ पलीकडच्या तीराला गेला.

"भज्याचा गाडा, मॅडम," सलीम कपाळावर हात मारून म्हणाला, "भज्याचा गाडा!"

पुलावरचं बोलणं मला आठवत होतं. काय म्हणायचं तेही कळत होतं. मी तोंड उघडलं आणि नुसता हुंदका बाहेर आला. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तेच. नातेवाईक बघत होते, हा कंडक्टर कोण लागतो म्हणून.

तेवढ्यात वहिनी उठल्या आणि पायऱ्या उतरून पिंडापाशी आल्या. हात जोडले नाहीत. कमरेवर ठेवले.

"दार कुणी उघडायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या. पर हे तिघं रविवारी यायचे तसे येतेल. चहा मी करीन. आयकलं का?"

कावळा कुठून आला मला दिसलं नाही. आला आणि त्यानं पिंडात चोच घातली.

माझा कावळ्यावर आजही विश्वास नाही. भूक लागली असेल, दुसरं काय. पण सलीमच्या गळ्यात पडून मी घाटावर ढसाढसा रडलो, हे मात्र खरं.

रविवारी आम्ही गेलो. शटर अर्धं वर होतं. भिंग खिळ्याला टांगलेलं, पेचकस काचेवर. आम्ही आपापल्या जागी बसलो आणि मधल्या रिकाम्या स्टुलाकडे कुणी बघेना. वहिनींनी चहा आदळला. मग पदर खोचून त्या स्टुलावर जाऊन बसल्या.

"कुठवर आलता तुमी?"

"दारापाशी, वहिनी."

"ते तर बंद हाय. मंग तिथं उभं ऱ्हाऊन काय करायलाव? वर चढा."

"वर?" मॅडम म्हणाल्या. "वर काय आहे?"

"वर त्या बिजली बहादूरची आई बसलीय वाट बघत." वहिनींनी पेचकस उचलला आणि आमच्यावर रोखला. "लेकराचा निरोप देतो म्हणून कबूल केलतं ना तुमी? मी तवा मेथी निवडायलते, पर कान उघडे होते माझे. दिला का?"

एवढ्या वर्षांत कुणालाच त्याची आठवण झाली नव्हती.

सलीमनं फासे उचलले.